सोलापूरची लोकसंख्या पुण्याच्या मानाने इतकी हळू का वाढते?

मुख्य कारण स्थलांतर: शिकलेली पोरं कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात आणि बाहेरून इकडे येणारे कमी झाले. २००१ ते २०११ या जनगणनांमध्ये पुणे जिल्हा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला, सोलापूर जिल्हा जेमतेम १२ टक्क्यांनी. पूर्वी चित्र उलट होतं. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून गिरण्या आणि माग वाढत गेले, तेव्हा तेलंगणातले पद्मशाली विणकर पोटासाठी इथे आले. शहराचा पूर्व भाग त्यांनीच वसवला. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि तेवढ्या हातांना काम देणारं दुसरं काही उभंच राहिलं नाही, हे खरं दुखणं. मात्र शहराचे आकडे जपून वाचा: १९९१ ला सुमारे ६ लाख, २००१ ला ८.७ लाख, ही उडी बरीचशी १९९२ च्या हद्दवाढीची आहे.