आमच्या युगांडाच्या वर्गमित्राला चहाच्या लारीवर 'कालू' म्हणतात, तो हसतो. हे वर्णावरून आहे की नुसती मस्करी?

बडोद्यात फतेगंजला मी पण हे ऐकलंय. लारीवाला आमच्यातल्या सावळ्या पोरालाही काळ्या म्हणतो म्हणून मस्करी वाटते, पण तो पोरगा उलटून दोन शब्द सुनावू शकतो, तुमच्या मित्राला अर्थच माहीत नाही, फरक तिथेच आहे ना. वेस्ट इंडिजच्या क्रिकेटपटू डॅरेन सॅमीला आयपीएलमध्ये 'कालू' म्हणायचे, त्याला वाटायचं तगडा घोडा असं काहीतरी असेल, २०२० मध्ये खरा अर्थ कळला तेव्हा फार दुखावला तो. नंतर एक खेळाडू त्याला म्हणाला प्रेमाने म्हणायचो, असेलही. म्हणून हेतू शोधत बसू नका, आधी मित्राला अर्थ सांगा, जड जाईल तरी सांगा, आणि लारीवाल्याला मित्राचं नाव दोनदा म्हणून दाखवा. नाव कळूनही हाक तीच राहिली तर तिथला चहा बंद करा, मी केलाय.