खासगी नोकरीतली बाळंतपणाची रजा सहा महिन्यांवरून वर्षभर केली तर आईला खरंच मदत होईल का?

थोडीफार होईल. पण रजा संपल्यावर बाळ कुणाकडे ठेवायचं, हे आधी सांगा.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना १२ऐवजी २६ आठवडे मिळाले. मलाही मिळाले, भरपगारी. त्यातले तीन आठवडे बाळंत होण्याआधीच गेले, म्हणून कामावर हजर झाले तेव्हा लेक जेमतेम सव्वापाच महिन्यांची. वरचं अन्न अजून सुरू नव्हतं.

त्याच दुरुस्तीने पाळणाघराचं कलम आलं. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील (बायका-पुरुष धरून) तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. आमच्या कंपनीत तीनशेच्या वर माणसं होती. पाळणाघराचं विचारलं तर एचआरमधल्या बाई म्हणाल्या, "घरी आजी नाहीत का?"

आजी होती, म्हणजे माझी आई, कराडजवळ गावी. ती आली. चिंचवडला तिसरा मजला, लिफ्ट नाही, तिचे गुडघे आधीच गेलेले. तिकडे अण्णांना एकट्याने धारा, वैरण, शेत झेपेना. दोन महिन्यांत त्यांनी दारातली म्हैस विकली. फोनवर कळलं तेव्हा आई लेकीला मांडीवर घेऊन तेल लावत होती. तिने एवढंच विचारलं, "दावं तरी ठेवलंत का घरी?" मग बराच वेळ ती एकाच पायाला तेल लावत राहिली.

दादा अजून म्हणतो, तुझ्या नोकरीपायी आईचे हाल झाले. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिला १८० दिवस प्रसूती रजा, शिवाय २०१८पासून बालसंगोपन रजेचे आणखी १८०. मिळायलाच हवेत. पण दादा, मला कायद्याने दिलेली एक खोली कंपनीने उघडली नाही, म्हणून आई साडेतीन वर्षं जिने चढली. भांडायचं तर त्यांच्याशी भांड.

म्हणून माझं मत, आधी पाळणाघरं, मग वाढीव रजा. रजेचा पगार कंपनीच्याच खिशातून जात असेल, तर वर्षभराची रजा ऐकून लग्नाच्या वयाच्या मुलींना नोकरीवर कोण घेईल? आणि बापाला रजा? केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस आहेत, खासगीत कायद्याने एकही नाही.

अर्थात खासगीतली ही रजाही निदान दहा माणसं कामाला असलेल्या ठिकाणची. माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंना यातलं काहीच नाही. पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये, तेही हप्त्यांनी.

तुमचं बाळंतपण जवळ आलं असेल तर आईला गावाहून बोलावण्याआधी कंपनीकडे पाळणाघर लेखी मागा आणि पोच घ्या. मी तोंडी विचारून गप्प बसले होते.