पेरी मेसन कुठून सुरू करशील?

वकील पेरी मेसनच्या रहस्यकादंबऱ्या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचायच्या म्हणतोस, पण तसं नको करू. १९३३ च्या त्या कादंबरीत खटला रंगतच नाही, आणि लेखक अर्ल स्टॅन्ले गार्डनरची खरी ताकद उलटतपासणीत आहे. कॅलिफोर्नियात स्वतः वकिली केलेला माणूस तो! आधी १९३४ चं ‘द केस ऑफ द हाउलिंग डॉग’ घे. शेजाऱ्याचं कुत्रं रडतं अशी तक्रार घेऊन अशील येतो आणि त्याच बैठकीत मृत्युपत्राचं विचारतो. तिथेच मी अडकलो, पुस्तक संपवूनच झोपलो. मेसनच्या ८० हून जास्त कादंबऱ्या आहेत, पण सलग नको वाचूस. गार्डनर तोंडी मजकूर सांगून टाइप करून घ्यायचा. संवाद धावतात, साचा मात्र जाणवू लागतो. मध्ये त्यानेच ए. ए. फेअर या टोपणनावाने लिहिलेला गुप्तहेर डोनाल्ड लॅम वाच.