चूक साडेचारला, धोका साडेअकरापासून

"सलग नाईट केल्या आणि माझ्या हातून चूक होता होता राहिली. बाकीच्या जणी याच ड्युट्या करतात, त्यांचं काही होत नाही. मीच या कामाला लायक नाही का?" परिचारिका समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न या ना त्या शब्दांत येतोच. खालची हकीगत अशा अनेकींच्या बोलण्यातून जुळवलेली आहे. कुणाची ओळख पटेल असं त्यात काही नाही.

पस्तिशीतली सिस्टर, अकरा वर्षांचा अनुभव. रात्री आठ ते सकाळी आठ अशा सलग सहा नाईट लागलेल्या, त्यातली ही पाचवी. पहाटे साडेचारला इन्फ्युजन पंपावर (शिरेतून औषध ठरलेल्या वेगाने सोडणारं यंत्र) ताशी २.५ मिली लावायचं होतं. दशांशचिन्हाचं बटण नीट दाबलं गेलं नाही, पडद्यावर २५ उमटलं. तिने ते वाचलं, आणि तिला ते २.५ च दिसलं. स्टार्ट दाबायच्या आत दुसरी सिस्टर पडताळणीला आली म्हणून अनर्थ टळला. घरी गेल्यावर तिला झोप लागेना. डोळे मिटले की तो आकडा समोर.

पहिल्या भेटीत चुकीची चिरफाड करायची नसते. रात्र काढून थेट आलेल्या माणसाला स्वतःबद्दलचं सगळंच काळं दिसतं. "जगूच नये असं मनात येतं का?" हे मात्र सरळ विचारलं, हा प्रश्न आडवळणाने विचारू नये. उत्तर 'नाही' आलं. मग ती स्वतः गाडी चालवत घरी जाणार नाही एवढं पाहिलं आणि दोन रात्री झोपून यायला सांगितलं.

दुसऱ्या भेटीत कागद घेतला. "किती थकला होतात?" असं विचारून हाती काही लागत नाही. थकवा मोजायचं यंत्र म्हणजे मेंदू, आणि आधी थकतो तोच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलेल्या लोकांची कामगिरी १४ दिवसांनी एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली होती, पण त्यांना स्वतःला थोडीशीच झोप येत असल्याचं वाटत होतं. 'बाकीच्यांचं काही होत नाही' यामागे बरेचदा हेच असतं. त्यांनाही कळत नसतं.

म्हणून भावना बाजूला ठेवून तास मोजले. थकव्याच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये मांडलेली एक सोपी तपासणी आहे. ड्युटीवर जाण्यापूर्वीच्या २४ तासांत किमान ५ तास झोप हवी. ४८ तासांत किमान १२ तास हवी. आणि उठल्यापासून ड्युटी संपेपर्यंतचे जागरणाचे तास त्या ४८ तासांतल्या झोपेपेक्षा जास्त नकोत.

तिचा हिशेब असा निघाला. हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती देणं, संपेपर्यंत पावणेनऊ, घरी पोचायला पावणेदहा, झोप साडेदहाला. मुलं शाळेतून येतात म्हणून अडीचला उठणं. म्हणजे चार तास. आदल्या दिवशी पाच. दोन्ही मिळून नऊ. अडीचला उठलेली बाई नऊ तासांच्या झोपेच्या बळावर रात्री साडेअकरापर्यंतच पुरणार होती. चूक पहाटे साडेचारला झाली, पण धोका पाच तास आधीच सुरू झाला होता. तो आकडा पाहून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मॅडम, मी औषधाची ट्रॉली काढली तेव्हाच..." हो, तेव्हाच.

त्यात पहाटे तीन ते पाच ही वेळ. शरीराचं तापमान तेव्हा सर्वांत खाली जातं आणि सावधपणाही. रात्रपाळीतल्या अपघातांचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पहिल्या रात्रीच्या तुलनेत जोखीम दुसऱ्या रात्री साधारण ६ टक्के, तिसऱ्या रात्री १७ आणि चौथ्या रात्री ३६ टक्के वाढलेली आढळली. तिची ती पाचवी रात्र होती. यात नालायकी कुठे आली?

पुढचं काम दोन भागांत केलं. पहिला भाग घरचा. सकाळची झोप चार तासांचीच राहणार असेल तर संध्याकाळी निघण्यापूर्वी दीड तासाची दुसरी झोप घ्यायची. साडेपाच तास होतात, निदान पहिली अट पूर्ण होते. ती दीड तासाची झोप घरच्यांकडून मागून घ्यावी लागते. त्यासाठी नवऱ्याला एकदा सोबत बोलावलं आणि तोच कागद त्याच्यापुढे ठेवला. चहा-कॉफी रात्रीच्या पूर्वार्धात. झोपण्याआधीच्या सहा तासांत नाही, म्हणजे तिच्यासाठी साडेचारनंतर बंद. वॉर्डात परवानगी असेल तर दोन ते चारच्या दरम्यान २० मिनिटांची डुलकी, गजर लावून. उठल्यावर डोकं जड असतं, त्यामुळे पुढची १५ ते ३० मिनिटं औषधाला हात लावायचा नाही. परतीच्या वाटेवर खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं यावर विसंबू नये. ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर जाते. निघण्याआधी वीस मिनिटं झोपून घ्यावं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या गाडीने जावं.

दुसरा भाग वॉर्डातला, आणि इथे पडताळणीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. रात्री तीनला होणारी डबल चेक बहुधा अशी असते: "बघ गं, अडीचच आहे ना?" "हो, हो." ही पडताळणी नव्हे. पहिलीने उत्तर आधीच सांगितलं की दुसरीचे डोळे तेच पाहतात. दुसरीने ऑर्डरवरून स्वतंत्र हिशेब करायचा, आपला आकडा आधी बोलायचा, मग दोन्ही जुळवायचे. पंपावरचा आकडा सुटा सुटा उच्चारायचा: दोन, दशांश, पाच, मिली ताशी. लिहिताना .५ नाही, ०.५, आणि ५.० नाही, नुसतं ५. दशांश बिंदू पुसट झाला की दहापट फरक पडतो. इन्सुलिनपुढे 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. सुईला टोपण परत लावायचं नाही, कितीही सवयीचं असलं तरी. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू व्हावी लागतात आणि ७२ तासांनंतर उपयोगी ठरत नाहीत. 'सकाळी सांगते' हे इथे चालत नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर समुपदेशन म्हणजे वाईट रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक) सहन करायला माणूस तयार करणं होईल. सलग सहा बारा तासांच्या नाईट ही चूक रोस्टरची आहे, आणि ती रोस्टरमध्येच सुधारायला हवी. अडचण अशी की तिला 'नाही' म्हणता येत नव्हतं. "मी नाही म्हटलं तर ती ड्युटी हिच्या नाहीतर तिच्या गळ्यात." ही अपराधाची भावना खरी आहे आणि ती खोडून काढण्याच्या फंदात पडू नये. मैत्रिणीबद्दलची काळजीच आहे ती. फक्त त्या काळजीत रुग्णालाही धरायचं.

इनचार्ज सिस्टरना द्यायचं पत्र तिने तिथेच लिहिलं. 'मी खूप थकते' हे वाक्य खोडलं, कारण त्यावर "सगळेच थकतात" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी तारखा, ड्युटीचे तास, झोपेचे तास, टळलेली चूक, आणि तीन मागण्या: सलग तीनपेक्षा जास्त नाईट नकोत, दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तास हवेत, नाईट संपल्यावर दोन पूर्ण रात्री सुट्टी हवी. टळलेल्या चुकीचा फॉर्मही भरला. रुग्णाला काही झालं नाही म्हणून तो भरायचा राहतो, आणि मग पुढच्या वेळी पंपाच्या त्याच बटणावर दुसरी कुणी अडकते.

जादा ड्युटीचा फोन आला तर काय बोलायचं, तेही मोठ्याने म्हणून पाहिलं. "आज माझी सलग तिसरी झाली. चौथी केली तर रुग्णाला धोका आहे. परवा सकाळची मी करते." पाचव्यांदा म्हणताना 'सॉरी' गळलं. बदली माणूस खरंच आला नाही तर रुग्ण सोडून निघायचं नाही. किती तास झाले ते लेखी नोंदवून कमी जोखमीचे बेड मागायचे.

तिला एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. दोन आठवडे बरी झोप मिळूनही मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर हे नुसतं जागरण नाही आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं. तशी वेळ आली नाही. दहाव्या दिवशी ती घरी मुलांवर ओरडली नाही, हे तिच्याआधी तिच्या नवऱ्याच्या लक्षात आलं.

रोस्टर तीन नाईटवर आलं आहे. कुणी आजारी पडलं की अधूनमधून चौथी लागतेच. त्या रात्री ती हँडओव्हरलाच सांगते, "आज माझी चौथी," आणि साडेअकरानंतरचे इन्सुलिन आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) यांचे हिशेब जोडीदारीण आधी करते, मग ती.