लखनवी झब्बा हाताच्या कामाचा की मशीनचा हे कसं ओळखायचं? आणि पुरुषाच्या अंगावर तो बायकी दिसतो का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण हाच शब्द माझ्या काकांनी माझ्या साखरपुड्यात भर हॉलमध्ये मला ऐकवला होता. लखनौच्या चौक नावाच्या जुन्या बाजारातून पांढऱ्या मलमलवर पांढऱ्याच धाग्याचं काम असलेला झब्बा आणला होता मी, चार महिने पैसे बाजूला टाकून, आणि काका म्हणतात काय हे बायकी, आणि घ्यायचाच होता तर मशीनचा अर्ध्या किमतीत मिळाला असता की. पाहुण्यांसमोर काय बोलणार, गप्प बसलो. पण अहो, अवधमध्ये, म्हणजे लखनौच्या मुलखात, चिकनचे, म्हणजे याच लखनवी भरतकामाचे, अंगरखे आणि दुपल्ली टोप्या पुरुषच घालायचे, नवाबी थाटच होता तो, मग बायकी कुठून आलं?

ओळखायचं म्हणाल तर झब्बा उलटा करा. बखिया, म्हणजे उलट्या बाजूने भरलेला टाका, हाताचा असेल तर मागे धागे एकमेकांवरून तिरके गेलेले दिसतात आणि पातळ कापडातून तीच पाकळी पुढे सावलीसारखी उमटते. मशीनच्या कामात मागे बॉबिनचा धागा दिसतो आणि सगळी फुलं एकसारखी. मग गाठींच्या टाक्यांवरून बोट फिरवा, मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी लागते, फंदा बाजरीसारखा गोल. माझ्या गळपट्टीवर शेजारशेजारच्या दोन मुर्र्यांत एक जाड एक बारीक आहे, आणि एका पानाच्या कडेला पुसटशी निळी रेघ अजून आहे. नक्षी आधी लाकडी ठशाने निळीत छापतात, भरून झालं की धुलाईत ती निघते, माझ्यात तेवढी राहिली आणि मला ती फार आवडते. जाळीच्या कामात तर कापडाचा धागा कापतच नाहीत, सुईने बाजूला सारून बांधतात, ते बघून मी दुकानातच बसून राहिलो होतो.

2008 मध्ये लखनौ चिकनला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तरी मशीनचा माल लखनवी म्हणून सर्रास विकतात, तिथे स्पष्ट विचारा.

हां, मशीनचा घेऊच नका असं नाही, रोजच्या वापराला ठीक आहे, फक्त हाताच्या कामाचे पैसे देऊ नका. आणि हाताचं म्हणून सगळंच चांगलं असंही नाही, घाईत केलेले विरळ टाके दोन धुण्यांत सुटतात.

गेल्या वर्षी काकांच्याच मुलाने तो झब्बा स्वतःच्या लग्नासाठी मागितला. हळदीला नको, सीमांतपूजनाला घाल म्हटलं, आणि काकांसमोर उलटा करून, मागचा एकेक टाका दाखवूनच दिला.