‘नॉटविथस्टँडिंग’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो कसा वापरतात?

‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे ‘असे असले तरी’, ‘असूनही’. कायद्याच्या मराठीत त्यासाठी ‘काहीही असले तरी’ हा साचा रूढ आहे. करार वाचताना एवढे पक्के धरा: या शब्दाला जोडून आलेले कलम दुय्यम ठरते. ‘नॉटविथस्टँडिंग क्लॉज ५’ लिहिले असेल, तर विरोध येईल तिथे कलम ५ बाजूला पडते आणि पुढची तरतूद लागू होते. ‘सब्जेक्ट टू क्लॉज ५’, म्हणजे ‘कलम ५ च्या अधीन राहून’, याचा परिणाम नेमका उलटा: तिथे कलम ५ वरचढ. मसुद्यात या दोहोंची गल्लत झाली की हक्कच उलटतात. हा शब्द नामानंतरही चालतो, ‘द रेन नॉटविथस्टँडिंग’. याच अर्थाचा ‘डिस्पाइट’ तसा चालत नाही. मात्र रोजच्या ईमेलमध्ये ‘नॉटविथस्टँडिंग’ जड वाटतो, तिथे ‘डिस्पाइट’च बरा.