‘ज्यांनी मला शिकवलं, ते…’ हे इंग्रजीत एका वाक्यात कसं सांगायचं?

तुम्ही विचारलंय की एखाद्या माणसाबद्दल आणि त्याने पूर्वी केलेल्या कामाबद्दल इंग्रजीत एका दमात सांगायला गेलं की वाक्य फसतं. नमुना म्हणून स्वतःचं वाक्य दिलंय: ‘द मॅन हू ही टॉट मी वीव्हिंग ही इज माय अंकल.’ आणि शेवटचा प्रश्न, मराठीतून विचार करणं सोडूनच द्यायचं का?

सोडू नका. मी सोलापुरात, पूर्व भागात, संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. अगदी हेच वाक्य, नाव-गाव बदलून, मी शेकडो वह्यांत तपासलंय. ही चूक आळसातून होत नाही. तुमचं मराठी पक्कं आहे म्हणून ती होते.

मराठीत आपण काय म्हणतो? ‘ज्यांनी मला विणकाम शिकवलं, ते माझे काका.’ ‘ज्यांनी’ कानावर पडलं की ऐकणारा ‘ते’ची वाट बघत बसतो. ‘जो’ला ‘तो’ लागतो, ‘ज्यांनी’ला ‘ते’ किंवा ‘त्यांनी’ लागतं. इंग्रजीत माणूस आधीच येऊन बसलेला असतो: ‘द मॅन’. मग ‘हू’ येतो आणि त्या माणसाला त्याचं काम जोडतो. माणूस एकदा सांगून झाल्यावर त्याला पुन्हा ‘ही’ म्हणून हाक मारायची गरज उरत नाही. तुमच्या वाक्यात दोन ‘ही’ आहेत. पहिला, ‘हू’च्या लगेच नंतरचा, तर ‘हू’नेच भरून काढलेल्या जागेवर बसलाय. दुसरा म्हणजे आपला ‘ते’. दोन्ही काढा.

‘जो–तो’ जड वाटत असेल तर मराठीतली दुसरी वाट धरून विचार करा: ‘मला विणकाम शिकवणारा माणूस’, ‘चीनला गेलेले डॉक्टर’. इथे ‘तो’ नाहीच, त्यामुळे तो इंग्रजीत घुसतही नाही. माझ्या वर्गातल्या तेलुगू घरच्या मुलांना मी ‘वेळ्ळिन डॉक्टर’ म्हणून दाखवते, म्हणजे गेलेले डॉक्टर. त्यांना लगेच कळतं. फक्त मराठी-तेलुगूत हे काम माणसाच्या आधी येतं आणि इंग्रजीत माणसाच्या मागून. ‘गेलेले डॉक्टर’ उलटं केलं की ‘द डॉक्टर हू वेंट’.

आता ‘हू’ की ‘हूम’. साधारण ‘जो’ किंवा ‘ज्याने’ असेल तर ‘हू’, ‘ज्याला’ असेल तर ‘हूम’, ‘ज्याचा’ असेल तर ‘हूज’. पण ‘ज्याला’ फसवतो. ‘ज्याला चादर आवडली तो गिऱ्हाईक’ यात आवडणं त्या गिऱ्हाइकाचंच आहे, म्हणून ‘द कस्टमर हू लाइक्ड द चादर’. तिथे ‘हूम’ लावला तर वाक्य मोडतं. दुसरी फसगत आमच्या चार हुतात्म्यांच्या वाक्यात होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. मुलं ‘ज्यांना फाशी दिलं’ असा विचार करतात आणि ‘द फोर मेन हूम वेअर हँग्ड’ लिहितात. फाशी देणारा वाक्यात असेल तर ‘हूम’ बरोबर: ‘द फोर मेन हूम द ब्रिटिश हँग्ड’. देणारा सांगितलेलाच नसेल तर ‘हू वेअर हँग्ड’. त्यांचे पुतळे चौकात उभे आहेत, म्हणून ‘द मेन हूज स्टॅच्यूज स्टँड इन द चौक’. आपला ‘ज्यांचे, ज्यांच्या, ज्यांची’ पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतो, ‘हूज’ तसाच राहतो. आणि माणसाला फाशी दिली असेल तर ‘हँग्ड’च लिहा. ‘हंग’ भिंतीवरच्या तसबिरीसाठी ठेवा. या चौघांबद्दल लिहिताना ही चूक झालेली मला सहन होत नाही.

बोलताना ‘हूम’च्या जागी ‘हू’ सर्रास चालतो, किंवा तो गाळलाही जातो: ‘द मॅन आय मेट’. पण कर्ता असलेला ‘हू’ गाळता येत नाही. ‘द मॅन टॉट मी इज माय अंकल’ हे वाक्य होत नाही. माणसाला ‘विच’ लावू नका. ‘दॅट’ चालतो, मला स्वतःला ‘हू’ बरा वाटतो.

खरं अवघड काम काळाचं आहे. मराठीतला ‘-लेला’ बऱ्याच गोष्टी पोटात ठेवतो. ‘चाळीस वर्षं विड्या वळलेली बाई’ म्हटलं तर ती अजून वळते का, थांबली का, हयात तरी आहे का, काहीच कळत नाही. इंग्रजी मात्र ते तुमच्याकडून वदवून घेतं.

गेल्या वर्षी एका मुलीने नर्सिंगच्या मुलाखतीसाठी स्वतःबद्दल परिच्छेद लिहून आणला. त्यात वाक्य होतं: ‘माय ग्रँडमदर, हू हॅज रोल्ड बिडीज फॉर फॉर्टी इयर्स, पेज माय फीज.’ व्याकरण म्हणून एकही चूक नाही. मी सहज विचारलं, आजी अजून वळतात का? ती म्हणाली, ‘नाही मॅडम, दिवाळीच्या आधी गेली.’ मग थोडं थांबून, ‘सूप अजून तसंच आहे. कातर पण त्यातच आहे.’ माझी आईही विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि दोरा, बाजूला ओल्या फडक्यात भिजवलेली पानं, आणि बोलता बोलता न बघता बंद होणारं विडीचं तोंड. त्यामुळे मला त्या मुलीला पुढे काय सांगावं ते पटकन सुचेना. शेवटी सांगितलं की ‘हॅज’ म्हणजे आजी आजही सूप घेऊन बसतात. ‘हू रोल्ड बिडीज फॉर फॉर्टी इयर्स’ म्हणजे ते काम पूर्ण झालं. तिने ‘हॅज’ खोडला, ‘पेज’चा ‘पेड’ केला. कुठलाही तक्ता पाठ न करता तिला दोन काळांतला फरक कळला होता.

म्हणून गेलेल्या माणसांबद्दल लिहिताना ‘हॅज’ टाळा. आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनमध्ये काम करत होते आणि तिथेच वारले. ‘डॉ. कोटणीस, हू हॅज वर्क्ड इन चायना’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटेल, डॉक्टर इथेच कुठेतरी आहेत आणि चीनचा अनुभव गाठीशी बांधून बसलेत. ‘हू वर्क्ड’ लिहा. आणि दोन भूतकाळ एकत्र आले, एक आधीचा आणि एक नंतरचा, तर आधीच्याला ‘हॅड’ द्या: ‘व्हेन कोटणीस डाइड इन 1942, सोलापूर लॉस्ट अ मॅन हू हॅड लेफ्ट होम फोर इयर्स अर्लिअर.’ आपण मराठीत याच कामासाठी ‘गेला होता’ म्हणतो, तेव्हा हे तुम्हाला जड जाणार नाही.

राहिला स्वल्पविराम. तो शोभेचा नाही, तो अर्थ फिरवतो. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले. 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. चौघे परतले. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. आता हे बघा: ‘द डॉक्टर्स हू रिटर्न्ड मिस्ड देअर फ्रेंड.’ जे परतले त्यांना मित्राची उणीव भासली, म्हणजे कुणीतरी परतलं नाही. हेच स्वल्पविराम देऊन लिहा: ‘द डॉक्टर्स, हू रिटर्न्ड, मिस्ड देअर फ्रेंड.’ आता पथकातले सगळे डॉक्टर परतले असा अर्थ झाला, आणि ते धादांत खोटं आहे. दोन स्वल्पविरामांनी आमचे डॉक्टर जिवंत घरी आणले!

नियम असा धरा: कोण ते ओळखायला ‘हू’चा भाग लागत असेल तर स्वल्पविराम नको. माणूस आधीच ओळखीचा असेल आणि तुम्ही फक्त माहिती जोडत असाल तर दोन्ही बाजूंनी द्या. आई एकच असते, म्हणून ‘माय मदर, हू रोल्ड बिडीज, सेंट मी टू कॉलेज.’ आणि दोन भाऊ असतील, एक पुण्यात आणि एक इथे, तर ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे’ यात स्वल्पविराम नाही, कारण कुठला भाऊ ते त्यावरूनच कळतं.

आता तुमचं वाक्य. ‘द मॅन हू टॉट मी वीव्हिंग इज माय अंकल.’ दोन ‘ही’ गेले, बाकी सगळं तुमचंच आहे. याने सुरुवात केली की ऐकणाऱ्याला आधी शिकवणारा माणूस कळतो आणि मग ते काका निघतात. काकांची ओळख करून देऊन पुढे बोलायचं असेल तर उलटं घ्या: ‘माय अंकल, हू टॉट मी वीव्हिंग, लिव्ह्ज विथ अस.’ ते हयात नसतील तर पहिल्या वाक्यात ‘इज’च्या जागी ‘वॉज’ आणि दुसऱ्यात ‘लिव्ह्ज’च्या जागी ‘लिव्ह्ड’ करा. ‘टॉट’ दोन्हीकडे तसाच राहील.